माया कुणाची, सातबारा कुणाचा?

जग खोटे आहे, देह नाशवंत आहे, येताना काय आणले आणि जाताना काय नेणार, असा उपदेश मराठवाड्याच्या गावागावांतून वर्षभर कानावर पडत असतो. सप्ताहाच्या मंडपात पडतो, बाबा-महाराजांच्या दरबारात पडतो, आता तर खिशातल्या मोबाईलवरही पडतो. ऐकणाऱ्यांत बहुसंख्य कोण असतात? ज्यांनी येताना काही आणले नाही आणि आल्यावर ज्यांना कुणी काही मिळू दिले नाही, ते. पन्नास एकर बागायतीच्या धन्याने हा उपदेश ऐकून मजुराच्या नावे गुंठाभर जमीन करून दिल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. माया भूमिहीनाच्या पदरात पडते आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे राहतो.

हे आज लिहिण्याचे कारण एक पत्र आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या हसनाबाद परिसरातून एका तरुण वाचकाने ते पाठविले आहे. पदवी घेतलेला, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर जाणारा हा मुलगा विचारतो की, गावात कीर्तनकार सांगतात जग मिथ्या आहे. शहरात एका शिबिरात व्याख्याते सांगतात दुःख बाहेर नसतेच, ते आपल्या मनात असते, मन बदला म्हणजे जग बदलेल. आणि आपल्या विहारातही कुणी कुणी म्हणतात, डोळे मिटून बसा, उत्तर आत आहे. मग जगण्याचा अर्थ काय? आणि बाहेरचे जे आहे, ज्याने आम्हाला छळले, ते खरे की खोटे?

प्रश्न टिंगल करून सोडून देण्यासारखा नाही. चळवळीतले आमचे काही जुने कार्यकर्ते असल्या प्रश्नांना 'रिकामटेकड्यांचे तत्त्वज्ञान' म्हणून उडवून लावतात. ते चूक आहे. पोरगा बारा तासांची पाळी करून हा प्रश्न विचारतो आहे. त्याला आपण उत्तर दिले नाही तर उत्तर देणारे दुसरे टपलेलेच आहेत, आणि त्यांची उत्तरे तयार पुड्यांत बांधलेली असतात.

बाहेरचे जग स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही, जे काही आहे ते चित्त आहे किंवा चित्तात आहे, या मताला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत चिद्वाद म्हणतात. युरोपात या मताचा सर्वांत गाजलेला पुरस्कर्ता बिशप जॉर्ज बर्कले, जन्म १६८५. वस्तू 'असणे' म्हणजे कुणाच्या तरी जाणिवेत असणे, जाणिवेबाहेर जडद्रव्य नावाची चीजच नाही, असे त्याने मोठ्या बुद्धिमत्तेने मांडले. हाच बर्कले पुढे अमेरिकेत ऱ्होड आयलंडला जाऊन राहिला, तिथे त्याने जमीन घेतली आणि तिच्यावर राबायला गुलाम विकत घेतले. जडद्रव्य नाही म्हणणाऱ्याला राबणारे देह मात्र रोख मोजून विकत घेता आले! डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने आपल्या ग्रंथालयाला दिलेले त्याचे नाव याच कारणावरून २०२३ साली काढून टाकले. तो विद्वान नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या विद्वत्तेने त्या गुलामांच्या दिवसात काय फरक पडला, एवढेच आम्ही विचारतो.

आपल्याकडे याहून मोठी कारागिरी झाली. आदि शंकराचार्यांची गोष्ट शाळेपासून सांगितली जाते. काशीत वाटेत आडव्या आलेल्या चांडाळाला ते 'बाजूला हो' म्हणाले, तेव्हा त्याने विचारले, बाजूला कुणी व्हायचे, देहाने की आत्म्याने? देह तर दोघांचेही अन्नाचेच, आणि आत्मा तर तुमच्याच मते एकच. शंकराचार्य नमले, असे कथा सांगते. कथा गोड आहे. पण कथा बाजूला ठेवून त्यांनी स्वतः लिहिलेले ब्रह्मसूत्रभाष्य उघडले की पहिल्या अध्यायात अपशूद्राधिकरण लागते. तिथे शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही हे ते ठासून सांगतात, आणि वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे आणि लाख ओतण्याचे स्मृतिवचन आधार म्हणून पुढे करतात. मग विदुराला, धर्मव्याधाला ज्ञान कसे झाले? तर पूर्वजन्मीच्या संस्कारामुळे. म्हणजे या जन्मी त्यांनी कमावलेली अक्कलसुद्धा त्यांच्या खात्यावर मांडायची नाही.

एकच ग्रंथकार एका हाताने 'सर्व काही एकच ब्रह्म' लिहितो आणि दुसऱ्या हाताने कानात शिसे ओततो, हे कसे जमते? त्यासाठी दोन मजल्यांचा वाडा बांधला आहे. वरच्या मजल्यावर पारमार्थिक सत्य, खालच्या मजल्यावर व्यावहारिक सत्य. वर सगळे एक, खाली प्रत्येकाची जागा ठरलेली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्याने तक्रार केली की त्याला सांगायचे, अरे, हा मजला मुळात खराच नाही! जिना मात्र बांधलेला नाही.

बाबासाहेबांनी हे कोडे नेमके पकडले होते. 'रिडल्स इन हिंदुइझम' हा त्यांचा अप्रकाशित ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केला तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून केवढा गदारोळ झाला, हे त्या पिढीला आठवत असेल. त्या गदारोळात ब्रह्मावरचे प्रकरण वाचायचे राहून गेले, विरोधकांचे आणि आपलेही. ते अवश्य वाचावे. वाचणाऱ्याला आश्चर्य वाटेल, कारण बाबासाहेब तिथे ब्रह्मसिद्धान्ताची टर उडवत नाहीत. उलट ते म्हणतात की लोकशाहीला याच्याइतका भक्कम पाया दुसरा मिळणार नाही. सगळी माणसे देवाची लेकरे आहेत म्हणून समान, हा पाया कच्चा; तू आणि मी एकाच तत्त्वाचे अंश आहोत असे जर खरोखर मानले तर समतेवाचून दुसरी समाजरचना संभवतच नाही. आणि मग त्यांचा सवाल येतो: असा सिद्धान्त हाताशी असून हजारो वर्षांत त्यातून एक समान समाज का निपजला नाही? त्यांचे उत्तर असे की तो सिद्धान्त धर्माचा पाया कधी झालाच नाही, पंडितांच्या चर्चेचा विषय राहिला. व्यवहाराचा धर्म मनुस्मृतीकडे राहिला.

या दोन मजल्यांची किंमत कुणी मोजली? जालन्याच्या सरहद्दीला लागून बुलडाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुका आहे. तिथले मेहुणा राजा हे गाव चोखोबांचे जन्मगाव मानले जाते. चौदाव्या शतकातला हा माणूस आपल्या मुलुखातला. विठ्ठल सर्वांचा, भक्तीत भेद नाही, हे वरच्या मजल्यावर मान्य. खाली चोखोबांना राऊळाच्या आत पाऊल टाकता आले नाही. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधण्याच्या वेठीला असताना ती अंगावर कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराच्या बाहेर, पायरीपाशी झाली. ते देऊळ अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हे आपल्यातल्या ज्या मंडळींना चोखोबांचे नाव काढले की राग येतो त्यांनी ध्यानात ठेवावे. पण तेच बाबासाहेब 'जातिनिर्मूलना'त स्पष्ट सांगतात की संतांची समता देव आणि माणूस यांच्यातली होती; माणूस आणि माणूस यांच्यातल्या समतेसाठी त्यांनी लढा पुकारला नाही. चोखोबांच्या दुःखात आम्ही सामील आहोत. त्यांना मिळालेल्या उत्तरात नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. चित्ताला महत्त्व देणारा प्रत्येक विचार ब्राह्मणी, आणि आपण तेवढे भौतिकवादी, असे एक सोपे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. ते इतिहासाला धरून नाही. हसनाबादचे तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे तिकडच्या स्तूपांच्या बांधणीला हातभार लावत होती. आणि शेजारच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठा आहे. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगने डोंगरातल्या एका मोठ्या संघारामाचे वर्णन केले आहे. ते अजिंठ्याचेच असे अभ्यासक मानतात. आचार्य दिङ्नाग तिथे येऊन राहत असत, असे तो लिहितो.

हे दिङ्नाग विज्ञानवादी परंपरेतले, म्हणजे आपल्या आजच्या भाषेत चिद्वादाच्या जवळचे. ज्ञानाचा विषय बाहेरची वस्तू नसून ज्ञानातच उमटणारा आकार आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला. पण त्यांनी पुढे काय केले ते पाहा. खरे काय हे ठरवायला त्यांनी दोनच प्रमाणे मानली: प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्दप्रमाण, म्हणजे 'वेदात लिहिले आहे म्हणून खरे', हे स्वतंत्र प्रमाण म्हणून त्यांनी नाकारले. त्यांच्या परंपरेतले धर्मकीर्ती तर आणखी पुढे गेले. बुद्धी मारली गेल्याची पाच लक्षणे त्यांनी सांगितली: वेदाला प्रमाण मानणे, जगाचा कुणी कर्ता आहे असे समजणे, स्नानाने पुण्य लागते अशी इच्छा धरणे, जातीचा अभिमान बाळगणे, आणि पाप जावे म्हणून देहाला छळणे. सातव्या शतकात! ज्या 'प्रमाणवार्तिका'च्या स्ववृत्तीच्या शेवटी हे येते, त्या प्रमाणवार्तिकाची मूळ संस्कृत पोथी भारतातून नाहीशी झाली होती. राहुल सांकृत्यायन यांनी १९३०च्या दशकात तिबेटच्या मठांतून धुंडाळून ती परत आणली. देशाने आपल्या तर्काच्या पोथ्या हरवून टाकल्या आणि शिसे ओतण्याच्या जपून ठेवल्या, यावर वेगळे भाष्य नको.

तेव्हा चित्त मानतो की जडद्रव्य मानतो, यावरून माणूस आपला की परका हे ठरत नाही. विज्ञानवादी धर्मकीर्ती जातीच्या अभिमानाला मूर्खपणा म्हणतो, आणि पॉलिटब्युरोत बसलेला कट्टर भौतिकवादी आपल्या घरची सोयरीक जातीतच जुळवतो. आमची कसोटी एकच: तुमचे तत्त्वज्ञान खालच्या मजल्यावर उतरते का?

या कसोटीवर बाबासाहेबांनी बुद्धचरित्रच नव्याने लिहिले. सिद्धार्थाने घर का सोडले? रूढ कथा अशी की त्याने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिले आणि त्याला वैराग्य आले. जगण्याचा अर्थ काय, हा प्रश्न जगभर ज्या रूपात विचारला जातो तेच हे रूप: मरायचे आहे तर जगायचे कशाला? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेब ही कथा नाकारतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्यापूर्वी कधी म्हातारा, रोगी, मेलेला पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही.

मग त्यांनी कारण कोणते दिले? पाणी. शाक्य आणि कोलीय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती. आधी पाणी कुणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्यसंघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. आधी चौकशी करा, दोन्हीकडची दोन-दोन माणसे निवडा, त्यांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, असे सुचविले. मतदान झाले, तो मोठ्या बहुमताने हरला. दुसऱ्या दिवशी सक्तीच्या सैन्यभरतीचा ठराव आला. सैन्यात जाणार नाही म्हणणाऱ्यापुढे तीन वाटा होत्या: सैन्यात जा, नाहीतर फाशी किंवा देशत्याग पत्कर, नाहीतर कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती सोस. घरच्यांवर हे संकट येऊ नये म्हणून तो स्वतः देशाबाहेर पडला.

हे जालना जिल्ह्यात बसून वाचावे म्हणजे त्यातला अर्थ कळतो. २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही, यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा वर्षानुवर्षे न्यायालयात भांडले. बहिष्काराचे म्हणाल तर तो रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे गेली ती पाण्यासाठीच. रोहिणीचा तंटा आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

आणि बाबासाहेबांच्या ग्रंथात गोष्ट इथे थांबत नाही. राजगृहाला असताना सिद्धार्थाला कळते की युद्ध टळले, शाक्य-कोलीयांचा समेट झाला. आता घरी परतायला हरकत नव्हती. पण तो विचार करतो की राजा-राजांतले झगडे अधूनमधून होतात. वर्गा-वर्गांतला झगडा मात्र कायमचा चालू आहे आणि जगातल्या दुःखाचे मूळ तिथे आहे. त्याचे उत्तर सापडेपर्यंत परतायचे नाही, असे तो ठरवितो. म्हणजे जगण्याच्या अर्थाचा शोध मृत्यूच्या भयातून सुरू झालाच नाही. तो सुरू झाला माणूस माणसाशी कसा वागतो या प्रश्नातून. पूर्वजन्मीचे कर्म ही गोष्टही बाबासाहेबांनी याच कारणाने फेटाळली: गरिबाची हलाखी त्याच्याच मागच्या जन्माच्या खात्यावर टाकली की समाज आणि सरकार दोघेही जबाबदारीतून सुटतात.

पाली साहित्यातला मालुंक्यपुत्ताचा प्रसंग वाचकांना ठाऊक असेलच. जग शाश्वत की अशाश्वत, जीव आणि शरीर एक की वेगळे, याचे उत्तर दिले तरच मी ब्रह्मचर्य पाळीन, असा त्याने हट्ट धरला. तथागतांनी त्याला बाण लागलेल्या माणसाचे उदाहरण दिले: बाण मारणारा कोण, कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणणारा तोवर मरून जाईल. पण या उपमेचा एक गैरवापर होतो, तोही सांगितला पाहिजे. 'प्रश्नच विचारू नका' असे ती सांगत नाही. बाण खरा आहे, जखम खरी आहे आणि ती लगेच काढायची आहे, असे ती सांगते. जखम 'मनात' आहे असे तथागत म्हणाले नाहीत.

शिबिरातल्या व्याख्यात्याला आमचा हाच प्रश्न आहे. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातला रोहित वेमुला, आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता, १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला. त्याला आणि त्याच्या चार साथीदारांना वसतिगृहातून काढले होते. त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. त्याने मागे ठेवलेल्या पत्रात वेदना ही आहे की माणसाची किंमत त्याच्या जवळच्या ओळखीपुरती, एका मतापुरती, एका आकड्यापुरती केली गेली. माणसाकडे एक मन म्हणून कधी पाहिलेच गेले नाही. सारे काही चित्त आहे, सारे काही ब्रह्म आहे, असे शेकडो वर्षे घोकणाऱ्या देशात एका बुद्धिमान मुलाची तक्रार ही असावी! त्याला 'मन बदल' म्हणून सांगायचे होते काय? बदलायला हवे होते ते त्याच्याकडे बघणाऱ्यांचे मन, आणि त्या मनांच्या हाती असलेले नियम. आपल्या घरात, वस्तीत, वसतिगृहात कुणी मूल 'जगून काय उपयोग' असे बोलू लागले तर त्याला प्रवचन देऊ नका, एकटेही सोडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला कुणी काय केले ते विचारा, आणि डॉक्टरकडे न्यायची वेळ असेल तर लाज न बाळगता न्या.

पत्रातला उरलेला प्रश्न ध्यानाचा. विहारात डोळे मिटून बसणे वाईट काय? मुळीच नाही. धम्मात चित्ताची शुद्धी ही पहिली गोष्ट आहे, बाबासाहेबांनीही ती तशीच मांडली आहे. द्वेषाने भरलेल्या मनाने समतेची लढाई फार दिवस लढता येत नाही, हे गटागटांत विखुरलेल्या आपल्या चळवळीला कुणी वेगळे सांगायला नको. आमचा आक्षेप बसण्याला नाही, उठायला विसरण्याला आहे. ज्या विहारात महिनोन्महिने ध्यान चालते आणि वस्तीच्या गायरानाचे काय झाले हे कुणी विचारत नाही, तिथेही दुसरा मजला बांधला जात आहे असे समजावे.

गायरानाचेच घ्या. मराठवाड्यात आपल्या लोकांनी पडीक गायरान कसून खाण्याजोगे केले, त्यासाठी मार खाल्ला, तुरुंग भोगले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. त्यानंतर तीन दशके उलटून गेली आणि अनेक कसणाऱ्यांची नावे सातबाऱ्यावर आजही मालक म्हणून आलेली नाहीत. २०२२ मध्ये तर अतिक्रमण हटविण्याच्या नोटिसा दारात येऊन पडल्या. ज्याने जमीन फोडली त्याची तिसरी पिढी अतिक्रमणदारच.

वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, गावोगावच्या विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. पुष्कळ ठिकाणी रोहिणीचे प्रकरण एका संध्याकाळी घाईने आटोपले जाते, कारण पुढे सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा हृदयद्रावक भाग असतो. या वेळी हसनाबाद परिसरातल्या विहारांनी त्या प्रकरणाला चार संध्याकाळी द्याव्यात. वाचणाऱ्याने मध्येच थांबून विचारावे: आपल्या वस्तीला पाणी कुठून येते, टँकर आला तर आधी कुणाच्या दारात थांबतो, गायरान कसणारी घरे किती, त्यांच्यापैकी किती जणांकडे १९९० पूर्वीचा पुरावा आहे, पीकपाहणीची नोंद आहे, दंडाची पावती आहे. कागद जमवावेत, एका वहीत उतरवावेत. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरविण्याचा प्रघात आहे. त्यांपैकी १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दोन बहुधा वर्षावासाच्या काळातच पडतात. विषय अजेंड्यावर घ्यावा म्हणून अर्ज आधी लेखी द्यावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून त्याची पोच घ्यावी. बहुमत विरोधात जाईल, हे शक्य आहे. शाक्यसंघातही ते विरोधातच गेले होते.